परळची रात्र कोणाची? (धागा)

१/
परळ आणि लोअर परळ म्हटले की आजच्या तरुणाच्या डोळ्यांसमोर काचेचे मनोरे, गिरण्यांच्या आवारांतील पब आणि शनिवारची गर्दी उभी राहते. ‘नाइटलाइफ’ येथे अलीकडेच अवतरले, असा समज रूढ आहे. वस्तुतः या भागात विद्यार्थी शंभर वर्षांहून अधिक काळ रात्र जागवत आला आहे. तो कशासाठी जागत होता आणि ती रात्र त्याच्या हातून कशी निसटली, याचा हा धागा.

२/
प्रारंभ विजेच्या दिव्यापासून करावा लागतो. गिरणीत दिवे नव्हते तोवर कामाला सूर्यास्ताची मर्यादा होती. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. १९०५ मध्ये मुंबईच्या कामगारांनी या वाढीव तासांविरुद्ध संप केले. दिव्याने रात्र उजळली खरी, पण तिचा पहिला लाभ मालकाला झाला.

३/
ती रात्र कामगाराला परत मिळाली कायद्याने, तीही हप्त्याहप्त्याने. १९११ च्या कारखाने कायद्याने कापड गिरण्यांत प्रौढांचा दिवस १२ तासांवर आणला. १९२२ मध्ये तो ११ तासांचा झाला, १९३४ मध्ये १० तासांचा. १९४८ च्या कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. सुटलेल्या या तासांतच गिरणगावातील रात्रशाळा उभी राहू शकली.

४/
रात्रशाळेची कल्पना त्याहून जुनी. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात श्रमिकांसाठी रात्रशाळा चालवली होती. मुंबईत हे काम मोठ्या प्रमाणावर केले ते ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने. गिरणी कामगारांसाठी रात्रवर्ग आणि वाचनालये काढणे हे लीगचे प्रमुख कार्य होते. परळचा दामोदर हॉल याच लीगचा.

५/
वर्ग सुटल्यावर वाचायचे कोठे, हा प्रश्न उरतच असे. चाळीतील एका खोलीत एक कुटुंब किंवा अनेक बिऱ्हाडकरू राहत. दिवसपाळीचा माणूस झोपायला आला की रात्रपाळीचा उठून जाई. अशा खोलीत पुस्तक उघडायला कोपरा नसे. म्हणून चाळीचा व्हरांडा, जिन्यातला दिवा, रस्त्यावरचा खांब आणि वाचनालयाचे बाक हीच विद्यार्थ्याची अभ्यासिका झाली.

६/
याचे सर्वांत थोर उदाहरण लोअर परळच्या डबक चाळीतले. सुभेदार रामजी आंबेडकर तेथील एका खोलीत राहत. धाकट्या भीमरावाने संध्याकाळी लवकर झोपावे, वडिलांनी पहाटे दोनच्या सुमारास त्याला उठवावे आणि घर झोपलेले असताना त्याने दिव्याखाली वाचावे, असा क्रम ठरला होता. हाच विद्यार्थी १९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाला.

७/
पुढे आंबेडकर परळच्या पोयबावडीतील बीआयटी चाळीत राहिले. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय दामोदर हॉलमध्ये होते. सभेने १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह काढले. १९४६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात सकाळचे वर्ग ठेवले गेले, ते नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून. विद्यार्थ्याला वेळ आणि जागा मिळवून द्यावी लागते, ही जाणीव या सर्व कामांत दिसते.

८/
याच परळात १९२६ मध्ये केईएम रुग्णालय आणि शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. अध्यापक भारतीयच असावेत, ही देणगीदारांची अट होती. तेव्हापासून परळच्या रात्रीत आणखी एक विद्यार्थी सामील झाला: वॉर्डात रात्रपाळी करणारा, मध्यरात्री टपरीवर चहा पिऊन पुन्हा खाटांकडे वळणारा. परळमधील महाविद्यालयीन रात्रीचे सर्वांत अखंड रूप हेच.

९/
जागणाऱ्याला भूक लागते. गिरणगावाने तिची सोय खानावळींतून केली. एकट्याने राहणाऱ्या पुरुषांना कामगार वस्तीतील स्त्रिया महिन्याच्या बोलीवर घरगुती जेवण देत. त्यांचे कष्ट पुरुषांच्या हिशेबात क्वचितच मोजले गेले. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या स्त्रियांना संघटित केले. रात्रशाळेचा विद्यार्थी याच ताटांवर जगला.

१०/
आता दारूकडे वळू. गिरणगावात गुत्ता होता, ताडीमाडीचे दुकान होते आणि उधारीही होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती व विक्रीवर सरकारची पकड घट्ट केली. अबकारी हे महसुलाचे मोठे साधन बनले. पगाराच्या दिवशी गुत्त्यात काय शिल्लक राहते यावर अनेक घरांचा पुढचा महिना ठरत असे. जुन्या रात्रीचे चित्र रंगवताना ही बाजू झाकता येणार नाही.

११/
विद्यार्थी आणि दारूचे दुकान यांची इतिहासातील एक ठळक गाठ पडली ती निरोधनाच्या निमित्ताने. १९०८ मध्ये टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले आणि त्यात विद्यार्थी स्वयंसेवक पुढे होते. त्याच वर्षी जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. मद्यपानबंदी हा त्या पिढीला स्वराज्याचाच भाग वाटत होता.

१२/
पुढे तो सरकारी कार्यक्रम झाला. १ ऑगस्ट १९३९ रोजी मंत्री डॉ. गिल्डर यांच्या पुढाकाराने मुंबई शहरात दारूबंदी आली. काँग्रेस मंत्रिमंडळ गेल्यावर ती फार टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून संपूर्ण बंदी लागू झाली. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काही कलमे रद्द केली, मूळ कायदा मात्र टिकला.

१३/
बंदीने दारू संपली नाही, ती हातभट्टीवर आणि अड्ड्यांवर गेली. तिच्याबरोबर हप्ता आला आणि गुन्हेगारी टोळ्यांना भांडवल मिळाले. १९६० च्या दशकापासून नियम सैल होत गेले, तरी कायदा रद्द झाला नाही. परवानाधारकाने बसून प्यायची खोली, म्हणजेच ‘परमिट रूम’, ही त्या तडजोडीची खूण आजही पाट्यांवर दिसते. दारूबंदीचा कायदा आणि बारची पाटी मुंबईत एकत्र नांदतात.

१४/
त्याच कायदेव्यवस्थेत महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी वयाची अट २१ वर्षे आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे आहे. याचा विद्यार्थ्याच्या दृष्टीने अर्थ लावून पाहावा. अठराव्या वर्षी पदवीचे शिक्षण सुरू करणाऱ्याला शेवटच्या वर्षापर्यंत बार कायद्याने बंद असतो. एमबीबीएसचा विद्यार्थी इंटर्नशिप संपवून डॉक्टर होतो, तरी बहुधा व्हिस्कीच्या वयाचा झालेला नसतो.

१५/
म्हणजे ज्या ‘तरुणाईच्या नाइटलाइफ’ची चर्चा चालते, तिच्या दारातच बहुसंख्य महाविद्यालयीन तरुण कायद्याने उभे राहू शकत नाहीत. प्रत्यक्षात काय घडते हे सर्वांना ठाऊक आहे: वय लपवले जाते, विक्रेता डोळेझाक करतो. या लपवाछपवीत विद्यार्थी असुरक्षित होतो. काही विपरीत घडले तर मदत मागायलाही तो कचरतो.

१६/
हे चित्र एवढे बदलले कसे? १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही, पण गिरण्या एकेक करून संपल्या. भोंगा थांबला तशी पाळ्यांची रात्र थांबली. तिच्यावर जगणाऱ्या खानावळी, रात्रवर्ग आणि वाचनालये यांचा आधारही गेला.

१७/
मागे उरली सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियमावलीत तिचे तीन वाटे कल्पिले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या भूखंडापुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. ज्या जागेवर मैदाने, अभ्यासिका होऊ शकल्या असत्या तिचा मोठा भाग तेव्हाच हिशेबातून वगळला गेला.

१८/
त्या आवारांत कार्यालये, मॉल, उपाहारगृहे आणि पब आले. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिल्सच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा मृत्यू झाला. मृतांत अनेक तरुण होते. आग लागल्यावर बाहेर पडायची वाट कोठे आहे हा प्रश्न, बार किती वाजता बंद व्हावा या प्रश्नाहून मोठा आहे, हे त्या रात्रीने दाखवले.

१९/
त्यानंतरही धोरणाची भाषा घड्याळाचीच राहिली. डिसेंबर २०१७ मध्ये लागू झालेल्या कायद्याने राज्यातील दुकानांना चोवीस तास उघडे राहण्याची मुभा दिली. जानेवारी २०२० मध्ये अनिवासी भागांतील मॉल व गिरणी संकुलांतील उपाहारगृहांसाठी ‘मुंबई २४ तास’ योजना आली. बारची मर्यादा दीडचीच ठेवली. रात्र उघडली, पण ती खरेदी करू शकणाऱ्यासाठी.

२०/
याच काळात रात्रीच्या दुसऱ्या टोकाला काय घडत होते? मे २०१७ च्या शासन निर्णयाने, दिवसा अन्यत्र शिकवणाऱ्या शिक्षकांना रात्रशाळांतून कमी केले गेले. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांना सामावून घेण्याचा हेतू समजण्याजोगा होता, पण शाळांनी वर्षानुवर्षांचे अनुभवी शिक्षक गमावले. २०२३ मध्ये दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झाले. या दोन्ही गोष्टींवर ‘नाइटलाइफ’च्या वादाच्या दशांशही चर्चा झाली नाही.

२१/
येथे दोन आक्षेप विचारात घ्यावे लागतात. पहिला असा की, सज्ञान माणसाने रात्री काय प्यावे हे समाजाने का ठरवावे? हा आक्षेप योग्य आहे. बंदीचा अनुभव मुंबईने घेतला आहे आणि त्यातून हातभट्टीच फोफावली. दुसरा आक्षेप रोजगाराचा. पबमध्ये ताटे उचलणारा मुलगा अनेकदा स्वतःच विद्यार्थी असतो. बार बंद करून त्याचे भले होणार नाही.

२२/
जुन्या रात्रीला सुवर्णयुग मानण्याचेही कारण नाही. १९४८ च्या कायद्याने स्त्रियांना कारखान्यातील रात्रपाळीस मनाई होती. रात्रवर्गांत मुली थोड्याच दिसत. आज पबमध्ये, कार्यालयात, वॉर्डात रात्री निर्धास्तपणे वावरू पाहणारी तरुणी ही त्या काळाच्या तुलनेत खरी प्रगती आहे. तिची रात्र आक्रसू पाहणारी कोणतीही संस्कृतिरक्षक भूमिका इतिहासाच्या नावाने मांडता येणार नाही.

२३/
मग इतिहास काय सांगतो? परळच्या विद्यार्थ्याला रात्र मिळाली ती तीन गोष्टींमुळे: कामाच्या तासांवर मर्यादा, बसायला फुकट व उजेडाची जागा, आणि परवडणारे अन्न. आज दुकानात किंवा डिलिव्हरीवर दिवस घालवून संध्याकाळी रात्रशाळेत येणाऱ्या मुलाकडे यांपैकी एकही गोष्ट खात्रीची नाही. तो उपाशी येतो म्हणून ‘मासूम’सारखी संस्था २००८ पासून मुंबईच्या रात्रशाळांत खाण्याचीही सोय करते.

२४/
म्हणून मागणी बारविरोधी असण्याचे कारण नाही. महापालिका शाळांच्या इमारतींतील वाचनालये आणि प्रयोगशाळा रात्रशाळेसाठी उघड्या राहाव्यात. गिरणी संकुलांना चोवीस तासांची मुभा देताना परिसरात एक सार्वजनिक अभ्यासिका रात्रभर चालवण्याची अट असावी. रुग्णालय व महाविद्यालयाजवळ रात्री स्वस्त जेवण मिळावे. अग्निसुरक्षेची तपासणी जाहीर व्हावी. मद्याच्या वयाचे नियम पाळले जातील असे तरी असावेत किंवा मोकळेपणाने बदलावेत.

२५/
शहराच्या रात्रीची परीक्षा दीड वाजता कोण नाचतो यावर होत नाही. रात्री अकरा वाजता खिशात पन्नास रुपये असलेली एकोणीस वर्षांची मुलगी परळमध्ये काहीही विकत न घेता, निर्धास्तपणे कोठे बसून वाचू शकते? ज्या वस्तीने एका मुलाला पहाटे दोन वाजता दिव्याखाली वाचताना पाहिले, त्या वस्तीला या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागेल.

(धागा समाप्त)