भोपळ्याचे माय-बाप

आपल्या नवी मुंबईत सिडकोच्या रो-हाऊसमागे किंवा तळमजल्याच्या खोलीमागे हातभर मोकळी जागा असली की तिथे एखादा वेल चढतोच. दुधी, कारले, घोसाळे, नाही तर लाल भोपळा. आमच्या ओळखीच्या एका महिला बचत गटाने यंदा सर्वात मोठ्या भोपळ्याला बक्षीस ठेवले आहे. तेव्हापासून आम्हाला खताचे कोणी विचारत नाही, पाण्याचे विचारत नाही. सगळे विचारतात, बी कुठले लावायचे?

प्रश्न रास्त आहे. जागा एका वेलापुरती. चार महिने पाणी घालायचे, तेही टाकीला पाणी आले तर. बी चुकले तर सारा हंगाम गेला. म्हणूनच लोक फसतात. एका गृहस्थांनी विलायती राक्षसी भोपळ्याच्या पाच बिया घेतल्या. तेवढ्या पैशांत घरची महिनाभराची भाजी आली असती. पाकिटावर भोपळ्याचे भले मोठे चित्र होते, पण त्या बियांची आई कोण आणि बाप कोण, याबद्दल अवाक्षर नव्हते.

ज्या देशांत या भोपळ्यांच्या स्पर्धा चालतात, तिथे असले पाकीट कोणी हातात धरणार नाही. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात हॉवर्ड डिल नावाचा शेतकरी होता. १९७९ ते १९८२ अशी लागोपाठ चार वर्षे त्याचा भोपळा जगात पहिला आला. वर्षानुवर्षे निवड करून त्याने ‘अटलांटिक जायंट’ हा वाण तयार केला, आणि आजचे विक्रमी भोपळे बहुतेक सगळे त्याच घराण्यातले. ऑक्टोबर २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या जुळ्या भावांचा भोपळा काट्यावर १२७८.८ किलो भरला. म्हणजे सुमारे पावणेतेरा क्विंटल!

तिथे प्रत्येक बियाला वंशावळ असते. फळाचे वजन, पिकवणाऱ्याचे आडनाव आणि साल हेच त्या बियाचे नाव. त्यापुढे आई, मग फुली, मग बाप. आमच्यासारख्या कॉमर्सच्या माणसाला ही दुहेरी नोंद लगेच पटते. एकाच बाजूची नोंद असलेला हिशेब कोणता ऑडिटर मान्य करील? आणि या दप्तरात आईचे नाव आधी येते, हे विशेष. आपल्या राज्य सरकारने मुलाच्या नावापुढे आईचे नाव लावायचे ठरवले ते १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांसाठी. भोपळेवाले त्याच्या कितीतरी आधीचे.

आता मुख्य गोष्ट. यंदा वेलावर दिसणारे फळ आईच्या अंगाचे असते. बाप कोणताही असो, यंदाच्या फळाचा घाट, रंग, आकार आईचाच. बाप लपून बसतो तो बियांत, आणि उघडा पडतो पुढच्या वर्षी. त्यामुळे नुसते मोठे फळ पाहून बी ठेवणे म्हणजे स्थळाची अर्धीच चौकशी करण्यासारखे. मधमाशी शेजारच्या सोसायटीतल्या एखाद्या खुरट्या वेलावरून आली असेल, तर आपल्याला ते कळणार कसे?

यावर उपाय सोपा आहे, आणि तो घरच्या बायका-मुलांनाही जमतो. भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुले वेगळी येतात. मादी फुलाखाली चिमुकला भोपळा असतो, नराखाली नुसता दांडा. उद्या उमलणाऱ्या दोन्ही कळ्यांची तोंडे आज संध्याकाळीच दोऱ्याने बांधावीत. पहाटे उजाडल्यावर नर फूल खुडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात, मधला पराग मादीच्या मधल्या गोंड्यावर हलक्या हाताने फिरवावा आणि मादीचे तोंड पुन्हा बांधावे. दिवस वर आला की फुले मिटतात, म्हणून हे काम आंघोळीआधीचे. देठाला रंगीत चिंधी बांधून वहीत तारीख टाकावी.

पण कोणाची जोडी कोणाशी लावायची? आधी जात पाहावी. (ही भोपळ्याची जात, गैरसमज नको.) विलायती राक्षस ‘मॅक्सिमा’ जातीचा, त्याचा देठ गोल आणि बुचासारखा मऊ. आपल्याकडचा लाल भोपळा, ज्याला कुठे डांगर तर कुठे काशीफळ म्हणतात, तो बहुतेक ‘मोश्चाटा’. त्याचा देठ टणक, कंगोरेदार आणि फळाला टेकतो तिथे पसरट. या दोघांची संतती सहसा धरत नाही, आणि धरली तरी तिच्यातून पुढे बी मिळणे कठीण. शिवाय मॅक्सिमाला थंड हवा मानवते. आपल्या खाडीकाठच्या दमट उकाड्यात त्याच्या पानांवर रोग लवकर पडतो. तेव्हा आमचे स्पष्ट मत असे की, इथे मोश्चाटाच्याच दोन चांगल्या घराण्यांची सोयरीक जुळवावी.

आई निवडताना फळाचा घेरच पाहू नये. घेर मोठा पण आत पोकळ, असे भोपळे पुष्कळ. टेपने मापून अंदाज बांधावा आणि मग काट्यावर ठेवावे. अंदाजापेक्षा जड भरला तर गर जाड आहे असे समजावे. बाप असा पाहावा की ज्याचा वेल शेवटपर्यंत हिरवा राहिला. आणि दोघांचीही भावंडे पाहावीत. एकाच भोपळ्याच्या सहा बियांपैकी एकच वेल जोरकस निघाला, तर तो योगायोग असू शकतो. चार निघाले तर घराणेच चांगले म्हणायचे.

वाशीच्या बाजारातून आणलेल्या फोडीचे बी? भाजीला उत्तम, स्पर्धेला नको. ते फळ संकरित वाणाचे असेल तर पुढच्या पिढीत गुण फुटतात, एकसारखी रोपे येत नाहीत.

गावाकडे जुने बी अजून सांभाळलेले असते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी चढल्या नाहीत, पण गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शेतकऱ्याने बी राखावे, वाटावे, अदलाबदल करावे, हा हक्क २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानेही मान्य केला आहे. म्हणून सुट्टीत गावी जाल तेव्हा आजीकडे, मावशीकडे डांगराचे बी मागा, आणि तो वेल कसा होता तेही विचारून घ्या.

पाऊस ओसरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी टोचावे. वेलावर एकच फळ ठेवायचे, बाकीची लहान असतानाच भाजीत. बक्षिसाचे फळ कापाल तेव्हा बिया धुऊन सावलीत वाळवा आणि कागदी पाकिटात ठेवा. त्यातल्या दहा-बारा शेजारणीला द्या, म्हणजे पुढच्या साली भावंडे पाहायला मिळतील. पाकिटावर वजन, साल, आई आणि बाप लिहा, आणि शाईच्या पेनाने नको, ओल लागली की ते पुसते.