आधी आजीला कळते

आजचा विषय घरात मोठ्याने बोलण्याचा नाही, असे आपल्यापैकी अनेकांना वाटेल. तरीही तो मी आजी-आजोबांसाठीच निवडला आहे. आईवडील कामासाठी परगावी आणि नात आजीजवळ, अशी कितीतरी घरे आपल्या वऱ्हाडात आहेत. नातीची पाळी चुकली, सकाळी मळमळू लागले, ती अंग झाकून वावरू लागली, की ते प्रथम आजीच्याच लक्षात येते.

काही वर्षांपूर्वी एक आजी 16 वर्षांच्या नातीला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. “डाक्टरसायेब, हिले ग्यास झाला असंन, एखादी गोई द्या.” मी आजींच्या देखतच मुलीला पाळीविषयी विचारले. ‘नियमित आहे,’ असे तिने खाली मान घालून सांगितले व मी ते खरे मानले. पुन्हा आली तेव्हा सातवा महिना लागला होता आणि हिमोग्लोबिन अवघे 7 होते. आजींना बाहेर बसवून, परिचारिकेसमक्ष दोन मिनिटे शांतपणे विचारले असते, तर ते महिने वाया गेले नसते. ती चूक माझी होती, आणि ती आजही सलते.

या वयात रक्त कमी असणे, रक्तदाब वाढून झटके येणे, बाळ अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे होणे, हे धोके अधिक असतात. आपल्या भागात सिकलसेलची तपासणीही करून घ्यावी. काढा, जडीबुटी किंवा दुकानातून आणलेली गोळी मात्र कदापि देऊ नये; त्याने अनावर रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो.

जावे कोठे? गावातील आशाताईंना सांगावे. अमरावतीचे डफरीन आणि अकोल्याचे लेडी हार्डिंग आपल्याला जुन्या नावांनीच ठाऊक आहेत. ती जिल्हा स्त्री रुग्णालये होत. 2011 पासून सरकारी रुग्णालयात प्रत्येक गर्भवतीला बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, जेवण व ने-आण मोफत आहे.

अनेक घरे थबकतात ती पोलिसांच्या भीतीने. मग केसपेपरवर वय ‘19’ लिहिले जाते, किंवा घाईने लग्न उरकले जाते. लग्नाने काहीच सुटत नाही. तो आणखी एक गुन्हा ठरतो. मुलगी 18 वर्षांखालील असेल, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार आम्हा डॉक्टरांना कळवावेच लागते. परंतु गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास, त्या माहितीत तिचे नाव-गाव उघड करण्याची डॉक्टरांवर सक्ती नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. पालकांच्या लेखी संमतीने अल्पवयीन मुलीचा गर्भपात 24 आठवड्यांपर्यंत कायदेशीर आहे. 20 आठवड्यांनंतर दोन डॉक्टरांचे मत लागते. लपवण्यात गेलेला प्रत्येक आठवडा हा मार्ग अरुंद करीत जातो.

दिवस पुढे गेलेले असतील आणि बाळ सांभाळणे अशक्य वाटत असेल, तर जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे जावे. तेथे बाळ रीतसर सोपवता येते, आणि फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदतही मिळते. 1098 हा क्रमांक अहोरात्र चालू असतो. फुले दांपत्याने 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, ते अशाच लपूनछपून होणाऱ्या बाळंतपणांसाठी. आज तरी कोणा मुलीने तान्हे बाळ देवळाच्या पायरीवर ठेवू नये.

शाळेचे काय, असे आजींनी मला विचारले होते. शाळा सुटली तरी 17 नंबरचा अर्ज भरून दहावीला बाहेरून बसता येते. त्यांच्या नातीने तो भरला. मराठीच्या पेपरला आजी बाळाला मांडीवर घेऊन परीक्षा केंद्राबाहेरच्या कडुलिंबाखाली तीन तास बसून होत्या. मधल्या वेळच्या दुधाची वाटी-चमच्याची सोय त्यांनी मला आदल्याच दिवशी विचारून घेतली होती.