दिव्याखालीं अंधार

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचें पूर्वचरित्र आपल्याकडे दोन गोष्टींत आटोपतें. एक, त्यांनीं रस्त्यावरील दिव्याखालीं बसून अभ्यास केला; दुसरी, दुसऱ्याच्या मदतीनें सोडविलेल्या गणिताबद्दल शाबासकी मिळतांच त्यांना रडूं कोसळलें. या कथा खऱ्या असोत वा नसोत, त्यांच्याशीं आमचें भांडण नाहीं. त्या सांगितल्या कीं चरित्र संपलें असें मानणाऱ्या लेखकांशीं आहे. दिव्याखालचा तो मुलगा आणि १९०२ सालीं वरिष्ठ कायदेकौंसिलांत लॉर्ड कर्झन यांच्यासमोर उभा राहिलेला सभासद यांच्यामध्यें जीं वीस वर्षें गेलीं, त्यांचा हिशेब हे लेखक कधीं देणार?

हा हिशेब घरापासून मांडला पाहिजे. १८६६ सालीं कोतळूक येथें जन्मलेल्या गोपाळाचे वडील १८७९ सालीं वारले. थोरले बंधु गोविंदराव यांनीं शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली, आणि त्यांतले आठ रुपये ते धाकट्याच्या शिक्षणास पाठवीत. १८८४ सालच्या बी. ए. पदवीच्या मुळाशीं ते आठ रुपये आहेत. पण स्वावलंबी बालकाच्या चित्रांत या बंधूस जागा नसते. जागा दिली तर चित्र बिघडतें!

राजकारण तरी त्यांना जन्मतः कोठें आलें होतें? न्यू इंग्लिश स्कूल व फर्ग्युसन कॉलेज यांत त्यांनीं इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र शिकविलें. शाळेसाठीं अंकगणिताचें पुस्तक लिहिलें. १८८७ पासून सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचें काम हातीं आलें, आणि न्यायमूर्ति रानडे यांच्या देखरेखीखालीं सरकारी अहवाल व जमाखर्च चाळण्याची रुक्ष तालीम सुरू झाली. १८९७ सालीं वेल्बी कमिशनपुढें लंडनमध्यें साक्ष देण्याचें बळ या तालमीनेंच दिलें. त्याच सालीं पुण्यांतील प्लेगच्या बंदोबस्ताविषयीं तेथें केलेलें एक विधान सिद्ध करतां न आल्यामुळें त्यांनीं जाहीर माफी मागितली व स्वकीयांची कडवी टीका सोसली. हा प्रसंग चरित्रकार दबक्या पावलांनीं ओलांडतात. वास्तविक तो ठळक अक्षरांत छापावा. पुराव्यावांचून बोलल्यास किती किंमत पडते, याचा याहून चांगला धडा कोणता?

१९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणांत त्यांनीं दाखवून दिलें कीं, सरकारची शिल्लक हें प्रजेच्या भरभराटीचें लक्षण नसून गरजेपेक्षां अधिक कर घेतल्याचा पुरावा आहे. पुढच्याच सालीं मिठावरील कर मणामागें अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. तो एकट्या गोखल्यांचा विजय नव्हे. पण त्यामागें अश्रूंपेक्षां आंकडे होते, हें विसरतां येणार नाहीं.

मुलांना सोप्या गोष्टीच आवडतात, असें कोणी म्हणेल. आम्ही विचारतों, आठ रुपयांची गोष्ट अवघड आहे काय? पुढारी जन्मावाच लागतो, हा समज एकदां रुजला कीं बाकीच्यांना अभ्यासांतून सूट मिळते, आणि सभा जिंकावयास टाळ्या पुरेशा वाटूं लागतात. दिव्याची कथा ऐकून विद्यार्थी नमस्कार करतो व उठून जातो. त्या वीस वर्षांची कथा ऐकली, तर निदान एखादा तरी सरकारी जमाखर्चाचें पुस्तक उघडून बसेल. आम्हांस तो एक विद्यार्थी हवा आहे.