तिकीट वेगळे, देणगी वेगळी

दिवाळी आटोपली की वऱ्हाडातील बाजारपेठांत दोन हंगाम बरोबरीने सुरू होतात. एक कापसाचा आणि दुसरा शाळांच्या कार्यक्रमांचा. अकोल्याच्या टिळक रोडवर किंवा अमरावतीच्या जवाहर रोडवर ज्याचे दुकान आहे, त्याच्याकडे डिसेंबर-जानेवारीत ग्राहकांइतकीच तिकीटपुस्तके येतात. कधी शाळेच्या इमारत निधीसाठी नाट्यप्रयोग असतो, कधी वाचनालयासाठी संगीतरजनी, तर कधी आनंदमेळावा. समोर गणवेशातील मुले उभी असतात, त्यांच्यामागे ओळखीचे गुरुजी असतात. शेठजी भिडेखातर पाच तिकिटे घेतात, ती गल्ल्यात टाकतात आणि विसरतात. कार्यक्रमाच्या रात्री त्या पाच खुर्च्या रिकाम्या राहतात. संस्थेला रक्कम मिळालेली असते हे खरे. पण दाराशी ‘तिकिटे संपली’ असे ऐकून परतलेल्या पालकांना आतल्या रिकाम्या रांगा दिसलेल्या नसतात, एवढेच.

ही तिकीटपुस्तके आता मागे पडू लागली आहेत. व्हॉट्सॲपवर लिंक येते. नाव आणि आसनांची संख्या भरली, यूपीआयने रक्कम दिली की क्यूआर कोड असलेले तिकीट मोबाइलवर येते. दारावरचा स्वयंसेवक तो कोड आपल्या मोबाइलने तपासतो. एकदा तपासलेला कोड दुसऱ्यांदा चालत नाही, त्यामुळे एकाच तिकिटाच्या चार छायाप्रती काढून चौघांनी आत शिरण्याची सोय राहत नाही. व्यवस्था नीट लावली असेल, तर ज्याला येणे जमणार नाही तो आसन परत करू शकतो व ते दुसऱ्याला देता येते. भारतीय रेल्वेने २००२ साली इंटरनेटवर आरक्षण सुरू केले, तेव्हा तिकीट घरी कुरिअरने येत असे. आता अभिनेते प्रशांत दामले यांनी मराठी नाट्यरसिकांसाठी ‘तिकिटालय’ हे स्वतंत्र ॲप काढले आहे. अकोल्याच्या प्रमिलाताई ओक सभागृहात किंवा अमरावतीच्या संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवनात कार्यक्रम ठेवणाऱ्या शाळेला ही वाट नवी वाटण्याचे कारण उरलेले नाही.

प्रश्न यंत्राचा नाही, खात्याचा आहे. कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर कोणाचे नाव उमटते, हे खरेदीदाराने सर्वप्रथम पाहावे. पुष्कळदा तेथे संस्थेच्या ऐवजी कोषाध्यक्षांचे, एखाद्या शिक्षिकेचे किंवा उत्साही पालकाचे नाव असते. हेतू वाईट नसतो. संस्थेच्या खात्याला यूपीआय जोडलेले नसते, त्यासाठी ठराव हवा, दोन सह्या हव्यात, बँकेत दोन खेपा घालायला हव्यात; आणि कार्यक्रम तर आठ दिवसांवर आलेला असतो. मग ‘तूर्त माझ्या खात्यात घेऊ, नंतर भरणा करू’ असे ठरते. येथूनच गुंता सुरू होतो. ती रक्कम त्या गृहस्थाच्या खातेउताऱ्यात जमा दिसते आणि आयकर खात्याने विचारणा केल्यास उत्तर त्यालाच द्यावे लागते. त्याच खात्यातून घरचा किराणा आणि मुलाची शिकवणीची फी जाते. देव न करो, पण त्या गृहस्थाचे काही बरेवाईट झाले तर शाळेची रक्कम वारसांच्या कागदपत्रांत अडकते. सचोटीच्या माणसावर संशयाची सावली पडण्यास एवढे पुरेसे आहे. आणि वऱ्हाडातील बाजारपेठ तशी लहानच. येथे सावली लवकर पसरते.

वास्तविक संस्थेच्या नावाने क्यूआर कोड मिळवणे अवघड नाही. संस्थेचे खाते ज्या बँकेत आहे, तेथे कार्यकारिणीच्या ठरावाची प्रत दिली की काम होते. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर रक्कम स्वीकारणाऱ्याकडून बँकेने व्यवहारशुल्क घ्यायचे नाही, असा नियम आहे. ३० जून २०२५ पासून तर यूपीआय ॲपवर घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले खरे नावच दाखवण्याचे बंधन आले. पूर्वी मोबाइलमध्ये साठवलेले किंवा कोडवर लिहिलेले कोणतेही नाव झळकत असे, ती पळवाट त्यामुळे बंद झाली. आणखी एक लाभ हिशोबनिसाला होतो. प्रत्येक यूपीआय व्यवहाराला बारा अंकी संदर्भ क्रमांक असतो. तो तिकिटाच्या नोंदीशी जुळवला की रोजमेळ आणि खातेउतारा यांचा मेळ एका बैठकीत बसतो. कागदी पुस्तकांच्या काळात परत न आलेल्या पुस्तकांच्या स्थळप्रती शोधण्यात मार्च महिना उजाडत असे.

आता दुसरी बाब. अनेक शाळा एकाच लिंकवर तिकीटही घेतात आणि देणगीही घेतात, आणि दोहोंची एकच पावती देतात. येथे मात्र थांबून विचार करायला हवा.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केले. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन कंपन्या खाडिलकरांच्या नाटकासाठी एका रंगमंचावर आल्या. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर असा तो योग होता. पुढे तीन महिन्यांच्या आतच केशवराव गेले. ज्या ललितकलादर्शने अमरावतीच्या वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ गाजवले, तीच ही कंपनी; म्हणून वऱ्हाडाला त्या प्रयोगाचे अगत्य थोडे अधिक. त्या रात्री तिकीट घेणाऱ्याच्या मनात नाटक किती आणि स्वराज्य किती, हे कोणी मोजले नाही. मोजण्याचे कारणही नव्हते.

आजचा कायदा मात्र मोजतो. तिकिटाच्या बदल्यात खुर्ची मिळते, कार्यक्रम पाहायला मिळतो. म्हणून ती किंमत आहे. देणगीच्या बदल्यात काहीच मिळत नाही. व्यापारी वर्ग ज्याला ८०-जी म्हणून ओळखतो, ती आयकरातील सवलत देणगीला आहे, तिकिटाला नाही. तीही संस्थेला तशी मान्यता असेल तरच. आणि २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर आर्थिक वर्ष २०१७-१८ पासून ती मिळत नाही. २०२१-२२ पासून अशा संस्थांना देणगीदारांचे विवरण दरवर्षी आयकर खात्याकडे पाठवावे लागते. त्यात नाव, पत्ता आणि पॅन किंवा तत्सम ओळखक्रमांक हवा. एकत्रित पावती घेणारा व्यापारी वर्षअखेरीस आपल्या सीएकडे ती देतो, आणि विवरणात त्याचे नावच नसते. अमेरिकेत हाच भेद आणखी स्पष्ट केलेला आहे. तेथे एखाद्याने ७५ डॉलरपेक्षा अधिक रक्कम देऊन त्या बदल्यात भोजन, प्रवेश असे काही घेतले, तर त्या वस्तूची अंदाजे किंमत किती आणि उरलेली देणगी किती, हे संस्थेने लेखी कळवावे लागते. आपल्या शाळांनी कायद्याची वाट न पाहता एवढे करायला हरकत नाही. ज्या समाजात देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, साधारण आणि जीवदया यांची खाती पिढ्यान्‌पिढ्या वेगळी ठेवली गेली, त्याला एका लिंकवर दोन रकाने ठेवणे जड जाऊ नये.

या भेदाचा उलटा वापरही होतो, आणि तो व्यापाऱ्यांनीच सुचवलेला असतो, हे खेदाने नमूद करावे लागते. नाटक, नृत्य, संगीत अशा कार्यक्रमांचे प्रवेशशुल्क माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. त्यापुढे गेले की संस्थेची वार्षिक उलाढाल आणि नोंदणी पाहावी लागते. मग युक्ती निघते : तिकीट ५०० रुपये आणि ‘देणगी’ ५०० रुपये, पण दोन्ही भरल्याशिवाय खुर्ची मिळणार नाही. जी टाळता येत नाही ती देणगी कशी? तो किमतीचाच दुसरा हप्ता. ज्यांनी २०१७ पूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयात करमणूक कराच्या माफीसाठी हेलपाटे घातले, त्या जुन्या विश्वस्तांना ५०० रुपयांची ही सूट केवढी मोठी आहे ते ठाऊक आहे. ती असल्या चातुर्यात घालवू नये.

खाजगी तिकीट-संकेतस्थळ वापरणाऱ्या शाळांनी त्यांचे सेवाशुल्क आधी विचारावे. ते खरेदीदाराकडून घेतले जाते की संस्थेच्या रकमेतून कापले जाते, त्यावरचा १८ टक्के जीएसटी कोण भरतो, रक्कम कार्यक्रमाआधी जमा होते की नंतर, कार्यक्रम रद्द झाला तर परतावा कोणाच्या खिशातून, याची उत्तरे लेखी असावीत. शिवाय अर्जात मुलांची जन्मतारीख, इयत्ता, छायाचित्र असले काही मागण्याचे प्रयोजन नसते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. पालकाचे नाव आणि मोबाइल क्रमांक पुरे.

लिंक एकदा समूहांमधून फिरू लागली की ती अकोल्यापुरती राहत नाही. न्यू जर्सीतला माजी विद्यार्थी ती उघडतो आणि उमाळ्याने मोठी रक्कम पाठवू पाहतो. त्याचा भारतीय पासपोर्ट कायम असेल, तर त्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय ठरत नाही. त्याने अमेरिकन नागरिकत्व घेतले असेल तर ती परकीय योगदान ठरते. मग परकीय योगदान (नियमन) कायद्याखालील नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील नियुक्त खाते नसताना ती स्वीकारता येत नाही. बहुसंख्य शाळांकडे यांतले काहीच नसते. देणगीच्या रकान्यावर नागरिकत्वाचा एक प्रश्न ठेवला, तर पुढची मोठी डोकेदुखी टळते.

एवढे सगळे झाल्यावरही खिडकी बंद करू नये. ज्या आजी नातीचा नाच पाहायला अचलपूरहून किंवा मूर्तिजापूरहून येतात त्यांच्याकडे साधा फोन असतो. शाळेतल्या शिपाई-मावशींच्या घरी एकच मोबाइल असतो, आणि तो दिवसभर मुलासोबत कामावर गेलेला असतो. काही आसने रोखीने व छापील तिकिटाने मिळावीत, आणि तीही मागच्या रांगेतली नसावीत. खिडकीवर जमलेली रोख दुसऱ्या दिवशी तशीच बँकेत भरावी. तिच्यातून मंडपवाल्याचे किंवा चहावाल्याचे पैसे परस्पर भागवू नयेत. खर्च धनादेशाने वा खात्यातून व्हावा.

एक गोष्ट मात्र या नव्या पद्धतीत खरोखर हरवते. दुकानोदुकानी तिकीटपुस्तक घेऊन फिरणारा नववीतला मुलगा अनोळखी माणसासमोर उभा राहून दोन वाक्ये बोलायला शिकत असे, नकार पचवायला शिकत असे आणि संध्याकाळी गुरुजींसमोर पै-पैचा हिशोब देत असे. व्यापारी घरातील मुलांना हे शिक्षण गल्ल्यामागेही मिळते. इतरांना ते त्या पुस्तकातूनच मिळे. लिंक पुढे पाठवणाऱ्या मुलाला यांतले काही मिळत नाही. त्यावर एक उपाय शाळांच्या हातात आहे. कार्यक्रमानंतरचा हिशोब मुलांकडून मांडून घ्यावा. वाणिज्य शाखा असेल तर अकरावीच्या वर्गाला खातेउतारा द्यावा, विकलेली तिकिटे, परत केलेली आसने, खिडकीवरची रोख, सेवाशुल्क, सभागृहाचे भाडे आणि वेगळ्या रकान्यात देणग्या असा जमाखर्च त्यांना लिहू द्यावा. लेखापरीक्षकाची सही झाली की तो सूचनाफलकावर लावावा आणि तिकीट घेतलेल्या प्रत्येक मोबाइलवर पाठवावा. पत्ते तर आधीच जमलेले असतात.

बहुतेक शाळांच्या कार्यकारिणीची स्नेहसंमेलनापूर्वीची सभा दिवाळीच्या आगेमागे भरते. संस्थेच्या खात्याला यूपीआय जोडण्याचा ठराव त्या सभेच्या विषयपत्रिकेत घालून घेतला, तर जानेवारीपर्यंत कोड हाती पडतो.