मापाची वही

अब्बांच्या येझदीखाली रोज तेलाचा डाग पडायचा. ती बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्येच बंद पडला. आता गिअरबॉक्सचं सील आणायचं कुठून?

यवतमाळच्या उस्तादांनी आधी कुणीतरी फासलेला सिलिकॉनचा थर खरवडला. गळती चेन स्प्रॉकेटमागच्या ऑइल सीलमधून होती. ‘‘सर, सीलला कंपनी नाही, माप लागतं,’’ ते म्हणाले. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. बेअरिंगच्या दुकानात तसंच सील मिळालं.

अशी कितीतरी मापं उस्तादांना तोंडपाठ आहेत, लिहिलेलं एकही नाही. त्यांच्या हाताखालच्या पोरांना आपण ‘शिकला नाही’ म्हणून मोकळे होतो. मी मास्तर म्हणून सांगतो, त्या पोरांच्या हाती एक वही द्या. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, पण लिहा. कारखाना गेला तरी गाडी चालते. माप गेलं, तर नाही.