‘नाही’ म्हणजे कोणते नाही?

बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळी, म्हणजे आपले कुमार गंधर्व, क्षयाच्या आजारपणात १९४८ साली देवासला गेले आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत तिथलेच झाले. आपल्याकडच्या घरांत त्यांच्याविषयी मराठीत बोलतात, तसेच कन्नडमध्येही. विकिपीडियावर मराठी पानावरून त्याच विषयाच्या कन्नड पानावर जायची सोय आहे. एका नावापुरती टिचकी मारणे सोपे. पण गावे, गवई, लेखक अशा दोनशे नावांची दोन्ही भाषांतली सूची घरच्या मुलांसाठी करायची, तर बोटे दुखतील.

अशा वेळी ‘कर्ल’ कामाला येते. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ मध्ये या नावाने आणलेला हा फुकट प्रोग्राम. काळ्या पडद्यावर एकच ओळ लिहायची: कुणाकडे जायचे, कोणते काम सांगायचे, सोबत कोणते नाव द्यायचे. काम करते ते दूरच्या सर्व्हरवरचे फंक्शन. आपल्याकडे येते फक्त उत्तर. चिठ्ठी देऊन पोराला शेजारी पाठवावे, तसेच. ही ओळ स्क्रिप्टमध्ये घातली की दोनशे चिठ्ठ्या आपोआप जातात. (दोन चिठ्ठ्यांमध्ये जरा दम घ्यायला सांगावे. सर्व्हर फुकट आहे म्हणून त्याला झोडपू नये.)

चिठ्ठीवरचे नाव मात्र नेमके हवे. देवास हे शहर आहे, जिल्हाही आहे. शिवाय पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन संस्थाने एकाच गावात नांदत होती. धाकट्या पातीची माहिती हवी असेल, तर नुसते ‘देवास’ विचारून भागत नाही.

खरी गोम उत्तरात आहे. पोरगा रिकाम्या हाताने परतला, तर शेजारी घरात नव्हते, की त्यांनी दार लावून घेतले, की वस्तूच नव्हती? जोडणी तुटली, तर कर्ल शून्याऐवजी दुसरा आकडा देऊन तसे कळवते. पण सर्व्हरने नकार दिला, तरी ते शून्यच देते, म्हणजे ‘काम झाले’! चिठ्ठी पोचली, जबाब आला, एवढेच त्याला ठाऊक. त्यासाठी ‘फेल’ हा पर्याय ओळीत घालावा लागतो. मग आकडा बावीस येतो. तिसरी तऱ्हा सर्वांत फसवी. पान नसले, तरी विकिपीडिया रीतसर उत्तर पाठवतो आणि ‘पान नाही’ ही गोष्ट आतल्या मजकुरात असते. तिथे ‘फेल’ही गप्प. मजकूर उघडून वाचायला स्क्रिप्टला सांगावेच लागते.

हे तिन्ही ‘नाही’ एकाच रकान्यात पडले, तर पाच मिनिटे इंटरनेट गेल्यामुळे एखाद्या कवीचे कन्नड पानच नाही, असे सूची मुलांना सांगेल. म्हणून रकाने तीन करावेत. पहिल्या दोहोंतली नावे संध्याकाळी पुन्हा विचारावीत. तिसऱ्यातली मात्र कन्नड वाचणाऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्यावीत; कधी कधी पान असते, फक्त मराठी पानाशी त्याची जोड कुणी दिलेली नसते.