दुखणं थांबलं, पण काम बाकी आहे

यवतमाळ जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी आटोपते न आटोपते तोच कापसाची वेचणी लागते. त्या दिवसांत दाताचा ठणका थांबला की दवाखान्याची उरलेली फेरी राहून जाते. रूट कॅनाल झालेला दात तात्पुरत्या सिमेंटवर महिनोन्‌महिने तसाच राहतो. ते सिमेंट झिजतं, लाळ आत झिरपते आणि मुळाच्या साफ केलेल्या नळीत जंतू पुन्हा घर करतात. म्हणून कळकळीची विनंती: काम अर्धवट सोडू नका.

दात वरून बराच तुटला असेल, तर डॉक्टर मुळाच्या नळीत काचतंतूंची बारीक काडी चिकटवतात. तिला फायबर पोस्ट म्हणतात. तिच्या आधाराने दात वर बांधून घेतात आणि त्यावर कॅप बसवतात. काडीने दात मजबूत होतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. काडी फक्त वरचं बांधकाम धरून ठेवते. तिच्यासाठी मूळ जास्त कोरलं, तर दात उलट कमजोर होतो. धातूच्या काडीपेक्षा ही लवचीक असते, त्यामुळे मूळ चिरण्याचा धोका कमी. पण नळी नीट तयार केली नाही, तर काडी सुटते.

धुळकट भिंतीवर लिंपण धरत नाही, पोपडे निघतात. इथेही तेच. काडीसाठी नळीतलं भरण काढताना मुळाच्या टोकाशी ४ ते ५ मिलिमीटर राखावं लागतं. कोरताना भिंतीवर भुगा बसतो, तो धुऊन काढावा लागतो. जुन्या भरणात लवंगतेलातलं युजेनॉल असेल, तर त्याच्या अंशामुळे काडी चिकटवणारं रेझिन सिमेंट नीट घट्ट होत नाही. जंतुनाशक हायपोक्लोराइट आत राहिलं, तरी पकड घटते. शेवटी कागदाच्या बारीक काड्यांनी नळी टिपायची आणि लाळेचा थेंब आत जाऊ द्यायचा नाही. त्यासाठीच तोंडात रबराचा पडदा लावतात. त्याचा कंटाळा करू नका, डॉक्टरांना घाई करू नका.

काडी बसवण्याआधी हे विचारा: हिरडीच्या वर सगळीकडून सुमारे २ मिलिमीटर चांगला दात उरला आहे का? काडीची खरंच गरज आहे का? कॅप कधी बसेल? रूट कॅनाल एकीकडे आणि पोस्ट दुसरीकडे होणार असेल, तर जुना एक्स-रे आणि कागद सोबत न्या.

खर्च झेपत नसेल, तर दात काढून टाकण्याआधी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवून या. यवतमाळहून ते साधारण दीडशे किलोमीटरवर आहे.

कॅप बसल्यावर त्या दाताने सुपारी फोडू नका. खर्रा तर सोडाच. तो दातांबरोबर तोंडही नासवतो.

आणि पुढची तारीख वेचणीच्या आधीची मागून घ्या.